बोट न घेणारा फोन

सोमवार, ५ जानेवारी २०२६

घेतला! शेवटी फोन घेतला. तुळसाकडून. नवा नाही, वापरलेला आहे, पण काच धड आहे. मागे एक ओरखडा, तोही कव्हर घातलं की दिसत नाही. अडीच हजार सांगितलेन, अडीच हजार दिले. रोज एकाच छपराखाली काम करणाऱ्या बाईशी कसली घासाघीस करायची!

विकायचं कारण ऐकून आधी हसू आलं, मग पटलं. तुळसा कारखान्यात काजू फोडायला बसते. मी सोलणीला — फोडून आलेल्या गराची साल काढायची, कोरडं काम. फोडणीवाल्या बायांची बोटं टरफलातल्या तेलाने भाजतात. कातडं निघतं, रेघा पुसून जातात. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी उमटत नाही, दर महिन्याला तिथे तमाशा. तसंच फोनचं झालं म्हणे. "माजा बोट घेतच नाय गो. आदी घ्यायचा. फोडणीला लागले नि बंद झाला. तुजी बोटं चांगली हायत, तुजा घेईल."

माझी बोटं खरंच चांगली आहेत. रेशनवर एका फटक्यात अंगठा येतो.

आता सासरी गेलेली लेक, माझी ईशा, फोनवर दिसेल. एवढंच पुरे.

मंगळवार, ६ जानेवारी

घेत नाही! माझंही घेत नाही!

सकाळपासून दहाही बोटं लावून झाली. साबणाने धुऊन, पदराला पुसून, पावडर लावून. फोन नुसता थरथरतो आणि गप्प बसतो.

जेवणाच्या सुट्टीत आंब्याखाली बसलो होतो, तिथे काढला. मग काय, सोलणीच्या सगळ्या बाया बोटं घेऊन पुढे. जी ती आपलं बोट किती चांगलं ते सांगतेय. जनीमावशी सगळ्यात जुनी, तिने तर बोट आधी कपाळाला लावलं. "माजा लावून बगते. खय अडला नाय अजून." पाच जणींनंतर फोन रुसला. आता बोटच नको म्हणतो. चार आकडे दे म्हणतो.

कसले आकडे? तुळसाला विचारलं तर म्हणते, "ते ओमकार टाकायचा." ओमकार म्हणजे तिचा मुलगा. तो जहाजावर आहे. जहाज पाण्यात आहे. झालं!

बुधवार, ७ जानेवारी

ईशाला चिपळूणला जाऊन सहा आठवडे झाले.

घरात आवाज तसा आधीही नव्हता. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तोंडाने बोलत नाही. पण बोलते! हातांनी, डोळ्यांनी, भुवयांनी — तोंड असलेल्या बायांपेक्षा जास्त बोलते. आमच्या खुणा कुठल्या पुस्तकातल्या नाहीत. मी आणि तिने मिळून केल्यात. मिशी पिळली की 'हे'. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, मिशी अजून घरात आहे. दोन्ही हातांनी पोट आवळलं की कारखान्याचा मुकादम. असं सगळं. तिचं बोलणं पुरतं कळणारी जगात मी एकटी. मला त्याचा अभिमान आहे, इथे लिहायला काय लाज.

रत्नागिरीत अशा मुलांची शाळा होती, राहायची सोय असलेली. ती सहा वर्षांची असताना हे म्हणत होते, घालूया. मी नाही म्हटलं. रात्री तिला पाणी हवं झालं तर कुणाला सांगेल, असं म्हटलं. गावच्या शाळेत सातवीपर्यंत मागच्या बाकावर बसली. चित्रं काढली. लिहायला आलं ते जेमतेम.

जावई संदेश. त्यालाही ऐकू येत नाही. छापखान्यात काम करतो, पोरगा सरळ आहे. पण तो शाळेत शिकलेला, त्याच्या खुणा शाळेतल्या. लग्नात दोघं एकमेकांकडे बघून नुसतीच हसत होती. हसण्यावर संसार किती दिवस चालणार? तिथे तिचं कोण ऐकतं? सासू रविवारी माझ्या साध्या फोनवर फोन करते. "ईशा बरी हाय. जेवली. तुमी शिमग्यापर्यंत येऊ नका हां, रमान दे तिला." बरी आहे हे सासूने सांगायचं आणि मी ऐकायचं! ईशाने सांगितलेलं मला बघायचंय.

गुरुवार, ८ जानेवारी

सुटल्यावर बस पकडून स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडे गेले. पोरगा हुशार. सगळं ऐकून घेतलंन, मग हसला. "काकी, चांगलं बोट असून चालत नाही. ज्याचं नोंदवलंय त्याचंच लागतं."

आम्ही सहा बायांनी बोटं लावली हे त्याला सांगितलं नाही.

म्हणाला, सगळं पुसून देतो हवं तर, पण पुसल्यावर हा जुन्या मालकाचं खातं मागणार, त्याचा पासवर्ड मागणार. तो नसेल तर नुसती वीट राहील. "आकडे कोणाला माहीत आहेत त्याला गाठा." मग हळूच, "चोरीचा नाही ना?"

म्हटलं, बाबा, चोरायचाच असता तर जरा बरा नसता चोरला?

शुक्रवार, ९ जानेवारी

तुळसाशी भांडले. सगळ्यांसमोर. कुलूप लावलेली पेटी विकलीस मला, म्हटलं. किल्ली पाण्यात पाठवलीस आणि पेटी माझ्या गळ्यात मारलीस! ती कोयता आपटत काजू फोडत राहिली. माझं डोकं तापलं की तोंडाला दार राहत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून काय उपयोग.

संध्याकाळी दारात उभी. रुमालात बांधलेले पैसे. "घे गो परत. मना काय ठाव? माजा वाटला, बोटाचाच दोष."

मग सगळं सांगितलंन. फोन ओमकारने घेऊन दिलेला. तिचं बोट त्यानेच नोंदवलेलं. तीन-चार दिवसांनी फोन आकडे मागायचा, ते तोच टाकायचा. ऑक्टोबरात तो जहाजावर गेला आणि त्याच आठवड्यात ती फोडणीला लागली. दोन्ही एकदमच. फोन उघडेना तेव्हा तिने दोष बोटांना दिला. रेशनवाला दर महिन्याला तेच सांगतो, मग फोन वेगळं काय सांगणार!

पैसे घेतले नाहीत. पुढे केलेली बोटं दिसली — गुळगुळीत, लाल, टोकं काळवंडलेली. मला माझीच लाज वाटली. चहा केला. दोघी बसून प्यायलो.

ओमकार बंदराला लागला की तिच्या साध्या फोनवर फोन करतो. आता कधी करेल? "समुद्राला विचार," म्हणाली.

रविवार, ११ जानेवारी

विहीणबाईंचा फोन. ईशा बरी. जेवली. थंडी आहे.

थंडी मलाही कळते.

सोमवार, १२ जानेवारी

ईशाचा मेसेज आला. आमच्या डबड्यावर तिचं मराठी उमटत नाही, चौकोन येतात. सात चौकोन. सात अक्षरांत काय सांगत असेल? 'आई मी बरी आहे' म्हटलं तर सात होतात. मोजून बघितलं. पण 'आई मला घेऊन जा' म्हटलं तर? ते आठ होतात. एवढ्यावर झोप लागली.

मंगळवार, १३ जानेवारी

तुळसा आली होती. आकडे शोधायला बसलो. मोबाईलवाला म्हणाला होता, लोक बहुतेक जन्मतारीख टाकतात. ओमकारची टाकली, चूक. त्याच्या बापाची टाकली, चूक. जहाजावर गेला तो दिवस टाकला. चूक! फोन म्हणतो, थांबा. थांबलो.

"तुझी जन्मतारीख?" मी विचारलं.

"माजी? भात कापायच्या दिवसात. पाऊस लांबलेला त्या साली."

म्हटलं, ही तारीख चार आकड्यांत बसायची नाही. ती हसली. भांडणानंतर पहिल्यांदा.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. ईशाची पहिली. काळी साडी त्यांनी घेतली, हलव्याचे दागिनेही केले. विहीणबाईंनी फोन करून सांगितलं. "फोटो पाठवलेत तुमाला. बगितलेत की नाय? कशी दिसतंय?"

म्हटलं, छान दिसते.

खोटं बोलले. या डबड्यावर कसला फोटो! पण फोन घेतल्याचं रविवारी त्यांना सांगून बसले होते; तो बंद आहे हे सांगायला जीभ उचलेना. टेबलावर तो काळा, गुळगुळीत पडलेला. त्यात माझंच तोंड दिसत होतं.

शुक्रवार, १६ जानेवारी

ओमकारचा फोन नाही.

रविवार, १८ जानेवारी

नाही.

ईशाचे आज अकरा चौकोन. जास्त बोलते आहे म्हणजे एक तर मजेत आहे नाहीतर फार वाईट चाललंय.

मंगळवार, २० जानेवारी

जनीमावशी म्हणाली, येवडा जीव टांगून कशाला ठेवतेस, शेजारच्या पोरीचा फोन घे नि बोल. तिला माहीत नाही. डिसेंबरात घेतला होता. ती पोरगी मागे उभी राहून बघत होती. आम्ही बोलायला लागलो तशी फिदीफिदी हसायला लागली. "काकी, काय हे हातवारे!" तिला वाईट म्हणायचं नव्हतं, लहान आहे. पण ईशाने ते बघितलं. तिचे हात खाली गेले. मग नुसती मान हलवलीन आणि बंद केलंन. परक्या माणसांसमोर ती कधीच बोलत नाही. एकटी असली, समोर मी असले, की मगच तिचे हात सुटतात.

म्हणून माझा स्वतःचा फोन हवा. दार लावून बोलता येईल असा.

आज चिपळूणची गाडी समोरून गेली. हात वर करायचा मोह झाला. रजा मिळालीही असती. पण शिमग्यापर्यंत नको म्हटलंय त्यांनी. आपण आगाऊपणा केला तर बोलणी पोरीने खायची.

शनिवार, २४ जानेवारी

उघडला!

जेवणाच्या सुट्टीत तुळसाचा फोन वाजला. ओमकार! तिने आधी जेवलास का विचारलं, मग थंडी वाजते का विचारलं, मग रडली. मी बाजूला उभी राहून हाताने चार-चार दाखवतेय — आकडे, आकडे विचार! शेवटी तिच्या हातून फोन घेतला. तो तिकडून म्हणाला, "काकी, सोपा हाय ता. आईची जन्मतारीख. आधारवरची."

आधारवरची! एक जानेवारी. शून्य एक शून्य एक. ज्यांना आपली तारीख ठाऊक नाही त्यांच्या कार्डावर सरसकट तीच टाकलेली. तिथल्या तिथे विचारलं तर फोडणीतल्या नऊ जणी एकाच दिवशी जन्मल्या! आम्ही दोघी आठवडा-आठवडा खऱ्या तारखा शोधत बसलो होतो.

टाकले. उघडला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम बघायला आला.

आत ओमकारचे फोटो निघाले. पांढऱ्या कपड्यांत, दाढी केलेला. एकात तुळसाच्या खांद्यावर हात ठेवून उभा. तिने बोट लावलं तशी चित्रं पुढे सरकली. दचकून हात मागे घेतलान, मग पुन्हा लावलान. काच तिचं बोट घेत होती. बराच वेळ बघत बसली.

तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. न कळायला काय झालं? तिचा मुलगाही लांब आहे. फोन बिघडलेला नव्हताच. पण मी "चला, सुट्टी संपली" म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला. पैसे दिलेत, हक्काचा आहे, असं घरी येईपर्यंत घोकत आले. हलकटपणा म्हणतात तो हाच.

सोमवार, २६ जानेवारी

मोबाईलवाला काल बंद, आज बंद. शाळेतून भाषणं ऐकू येतायत.

मंगळवार, २७ जानेवारी

तुळसाला सांगितलं, फोन माझ्याकडे राहील, पण ओमकारला माझा नंबर दे. बंदराला लागला की यावरच करू दे, तोंड दाखवून. मी तुला हाक मारीन.

"येवडा लांब चालत येव?" म्हणाली. दोघींच्या घरांमधे एक वहाळ आहे, एवढासा ओढा, तोही आता कोरडा.

मग सुट्टी संपली, तुळसा उठली. जाताना स्वतःच्या डब्यातली सोलकढी माझ्या पेल्यात ओतून गेली. बरं वाटलं मला.

बुधवार, २८ जानेवारी

मोबाईलवाल्याने ओमकारचं खातं काढलं. ओमकारला विचारूनच, त्याने मेसेजवर परवानगी दिलीन. फोटो मात्र एका बाजूला ठेवायला सांगितले, तुळसासाठी. माझं सिम जुन्या काळचं निघालं, नवं घ्यावं लागलं. दोन दिवसांत सुरू होईल म्हणाला.

"काकी, कुलूप कुठलं ठेवू? बोट, आकडे?"

काहीच नको म्हटलं. उघडाच राहू दे.

शनिवार, ३१ जानेवारी

सुरू झाला. सगळ्यात आधी संक्रांतीचा फोटो आला. छानच दिसते! म्हणजे तेव्हा खोटं नव्हते बोलले.

जरा वाळली आहे. की साडीमुळे?

मी एक आकाशाचा फोटो पाठवला, चुकून. तिने हसणारं तोंड पाठवलं. मग लिहिलं, 'उद्या दुपारी.' अक्षरं दिसतात आता, चौकोन नाहीत.

आरशासमोर उभी राहून बोलून बघितलं. एका हातात फोन धरला तर बोलायला एकच हात उरतो, म्हणजे अर्धं तोंड बांधल्यासारखं. मग फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि पाटावर बसले. दोन्ही हात मोकळे. हे कुणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं.

पहिलं हेच विचारणार — तुझं कोण ऐकतं तिथे? तिने मान खाली घातली किंवा डोळ्यांत पाणी दिसलं तर काय करायचं तेही ठरवलंय. सोमवारची पहिली गाडी. जायचं आणि घेऊन यायचं. शिमगा गेला खड्ड्यात! विहीणबाईंना काय सांगायचं ते गाडीत बसल्यावर बघू. तिची खोली आज झाडून ठेवली. पांघरुणं उन्हात घातली.

रविवार, १ फेब्रुवारी

दिसली. एकटी नव्हती. पडवीत दहा-बारा पोरंपोरी, कुणालाच ऐकू येत नाही, दर रविवारी त्यांच्याकडे जमतात म्हणे. सगळ्यांचे हात चाललेले, ईशाचे सगळ्यांत जोरात. विहीणबाई चहा घेऊन आल्या, एका हाताने काहीतरी बोलल्या, आणि सगळी हसली. ईशा पोट धरून हसली.

मी विचारलं, तुझं कोण ऐकतं तिथे? तिने भरभर काहीतरी सांगितलं. कळलं नाही. पुन्हा सांगितलं. नाही कळलं. मग ती जवळ आली, थांबली, आणि आमच्या घरच्या खुणांनी, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलंन — सगळे.

त्या पडवीत बहिरी मी एकटीच होते.